वाटलं नव्हतं असं काही : मराठी नाटक-सिनेमातला सुखद अपेक्षाभंग

अपेक्षाभंग हा शब्द मराठीत एकाच अर्थाने वापरला जातो. अपेक्षा मोडली म्हणजे पदरी निराशाच आली, असे तो शब्द धरूनच चालतो. अपेक्षा मोडून तिच्याहून सरस काही हाती लागले तर त्यासाठी भाषेत तयार शब्द नाही. खेळ सुटल्यावर माणसे ‘असं असेल वाटलं नव्हतं’ एवढेच म्हणतात आणि पुढचे वाक्य चपला शोधता शोधता विसरून जातात. संस्कृत नाट्यविचाराने मात्र या अनुभवाची दखल पूर्वीच घेतली होती. अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय मानला गेला आणि नाटकाच्या अखेरच्या भागात, निर्वहण संधीत, अद्भुताला जागा असलीच पाहिजे असे नाट्यशास्त्राने सांगितले. प्रेक्षकाने उठून जाताना थोडे चकित असावे, ही अपेक्षा इतकी जुनी आहे.

विस्मय आणि धक्का या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रहस्यनाटकात ज्याच्यावर संशय नव्हता तोच खुनी निघतो, तेव्हा बसतो तो धक्का. तो एकदाच बसतो, आणि शेजारच्याने आधीच नाव फोडले तर तेवढाही बसत नाही. विस्मयाला अशी भीती नसते. गोष्ट पाठ असते, माणसे ओळखीची असतात, पुढे काय होणार हेही ठाऊक असते, तरी समोर घडते ते वेगळेच वाटते. मराठी नाटक-सिनेमातली या प्रकारची बहुतेक मोठी उदाहरणे प्रेक्षकाच्या सर्वांत ओळखीच्या विषयांतून आली आहेत. अनोळखी विषयाबद्दल अपेक्षाच नसते, मग मोडायचे काय?

ही अपेक्षा घडते कशी, हे पाहायला सणसरसारखे गाव सोयीचे आहे. बारामती-इंदापूर रस्त्यावरचे हे गाव नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात येते. आजूबाजूला ऊस, आणि लागूनच भवानीनगरचा श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना. देहूहून पंढरपूरला निघालेली तुकोबांची पालखी बारामती सोडल्यावर काटेवाडीत थांबते. तिथे पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे भवानीनगरावरून पालखी सणसरला मुक्कामाला येते आणि दुसऱ्या दिवशी बेलवाडीला गोल रिंगण असते. याखेरीज गावोगावच्या जत्रा, आणि जत्रेबरोबर येणारा तमाशाचा फड. संतकथा, कारखान्याचे राजकारण आणि तमाशा या तीन गोष्टींवर या भागातला प्रेक्षक लहानाचा मोठा झालेला असतो. या तिन्हींत त्याला फसवणे अवघड असते आणि चकित करणे त्याहून अवघड. ज्यांना ते जमले त्या कलाकृती इथे विचारात घ्यायच्या आहेत.

सुरुवात तमाशापासून करावी लागते, कारण अपेक्षेचा साचा तिथे सर्वांत पक्का आहे. आधी गण, मग गवळण, बतावणी आणि शेवटी वग, हा क्रम फड कोणताही असो, बदलत नाही. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींसोबत मावशी असणार, मावशीचे काम पुरुषच करणार आणि वाट कृष्ण अडवणार, हे पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेल्या पोरालाही ठाऊक असते. तरी लोक रात्र जागवतात ते सोंगाड्यासाठी. दुपारी गावात शिरताना त्याने जे ऐकलेले असते ते रात्री मावशीच्या तोंडून बाहेर पडते. कुणाचे पाणी कुणी वळवले, कारखान्याने उसाला काय दर जाहीर केला, सरपंचाची मोटारसायकल कुठे बंद पडली. द्वापारयुगातली वाट मध्येच आपल्या शिवारातून जाऊ लागते आणि तंबूत हशा उसळतो. क्रम ठरलेला असतो, म्हणून ही उडी दिसते. ‘गाढवाचं लग्न’ या वगात दादू इंदुरीकर सावळ्या कुंभार रंगवत, तो पुन्हा पुन्हा पाहणारे लोक गोष्टीसाठी जात नसत. आज दादू काय काढतो, हे त्यांना पाहायचे असे.

शहरातल्या पांढरपेशा प्रेक्षकाला या गमतीची ओळख उशिरा झाली. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ 1965 साली रंगमंचावर आले, दादा कोंडके यांनी त्यात हवालदार उभा केला, आणि तमाशाकडे नाक मुरडणारे लोक तिकिटाच्या रांगेत दिसू लागले. सिनेमात हे आधीच घडले होते. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ 1959 साली पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात लागला आणि 131 आठवडे उतरलाच नाही. मात्र यशाची एक वाईट खोडही याच चित्रपटाने दाखवून दिली. पुढची कित्येक वर्षे पाटील, नाची आणि फेटे उडवणारी बारी यांचे चित्रपट एकामागून एक निघत राहिले. अपेक्षा मोडणारी गोष्ट फार चालली की तीच नवी अपेक्षा होऊन बसते.

संतपटाचा साचा याहूनही पक्का होता. संत म्हटला की छळणारा खलनायक हवा, चमत्कार हवेत आणि शेवटी देव प्रकट व्हायला हवा. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी प्रभातसाठी केलेल्या ‘संत तुकाराम’ (1936) या चित्रपटात यातले सगळे आहे. छळणारा सालोमालो आहे, चमत्कार आहेत, अखेरीस वैकुंठाला नेणारे विमानही आहे. तुकोबांच्या भूमिकेसाठी निवडलेले विष्णुपंत पागनीस हे मूळचे संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. त्यांच्या बायकी हालचाली पाहून खुद्द दिग्दर्शकांनाच शंका होती. पडद्यावर त्यांच्या त्या मऊपणाचाच तुकोबा झाला. शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचलेला एक अभंग इतका बेमालूम उतरला की भल्याभल्यांनी तो गाथेतलाच समजला. मुंबईत चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्या वर्षीच्या निवडक उत्कृष्ट चित्रपटांत त्याची गणना झाली.

पण या चित्रपटातला खरा विस्मय विमानात नाही. तो तुकोबांच्या बायकोत, जिजाईत आहे. ही भूमिका गौरी यांनी केली. प्रभातमध्ये किरकोळ कामे करता करता त्या पडद्यावर आल्या होत्या. पोर तापाने फणफणले आहे, घरात दाणा नाही आणि नवरा भजनात. तेव्हा ही बाई पोराला ओढत देवळात नेते आणि पायातली वहाण हातात घेऊन पांडुरंगाला जाब विचारते. संतपट पाहायला आलेल्या भाविकाने देवावर वहाण उगारलेली पाहायची आणि तरी बाईचीच बाजू घ्यायची, हे 1936 साली घडले. शेवटी तुकोबा तिला वैकुंठाला यायचे निमंत्रण देतात, तर तिला ते त्यांचे नेहमीचेच वेड वाटते. ती चूल सोडायला तयार होत नाही. विमान पाहायला आलेला प्रेक्षक घरी जाताना चूल आठवत जातो.

जिजाईने सुरू केलेले हे भांडण ऐंशी वर्षांनी रंगभूमीवर पुन्हा उभे राहिले. प्राजक्त देशमुख लिखित-दिग्दर्शित ‘संगीत देवबाभळी’ 2017 साली व्यावसायिक रंगमंचावर आले. आधी ती एकांकिका होती. नाटकात पात्रे दोनच, आवली म्हणजे तीच जिजाई, आणि रखुमाई. रानात नवऱ्याची भाकरी घेऊन निघालेल्या आवलीच्या पायात बाभळीचा काटा रुततो आणि तिची सेवा करायला विठ्ठल आपल्या बायकोला धाडतो. तुकोबा आणि विठ्ठल हे दोघेही पुरुष रंगमंचाबाहेरच राहतात. एकीचा नवरा देवामागे गेलेला, दुसरीचा भक्तांमागे. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी या दोन अभिनेत्रींनी अख्खे नाटक गायले आणि पेलले. संगीत नाटकाचे दिवस सरले असे ठामपणे सांगितले जात असताना दोन बायकांचे संगीत नाटक घरे भरत होते. त्याच्या संहितेला 2020 चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. पालखीच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाला तुकोबांची गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. त्यामुळेच, जो काटा त्याने आजवर गोष्टीतला एक तपशील म्हणून ऐकला, त्याच्यावर दोन तासांचे नाटक उभे राहिलेले पाहताना तो अधिक चमकतो.

साखरेचे राजकारण पडद्यावर आले त्याचा रस्ताही याच भागातून जातो. डॉ. जब्बार पटेल हे पेशाने डॉक्टर. बारामतीचा रेल्वेफाटा जिथून फुटतो त्या दौंडला त्यांचा दवाखाना होता. बंगल्यांसमोर उभ्या राहणाऱ्या जीपगाड्या, कारखान्याच्या निवडणुका आणि त्यांभोवतीची माणसे त्यांना कुणी सांगायला नको होती. विजय तेंडुलकरांच्या पटकथेवर त्यांनी केलेला ‘सामना’ 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत दाखवला गेला. त्याआधीचा पडद्यावरचा पाटील म्हणजे पिळदार मिश्या, वाडा आणि तमाशाची बारी. ‘सामना’मधला हिंदुराव साखर कारखाना चालवतो, संस्था उभ्या करतो, पाहुण्याला आग्रहाने जेवू घालतो. निळू फुले यांनी त्याला असा काही रंगवला की तो वाईट आहे हे पटायला प्रेक्षकाला वेळ लागतो, आणि पटल्यावरही त्याच्याबद्दलचे कौतुक पूर्ण जात नाही. समोर डॉ. श्रीराम लागू यांचा दारुडा मास्तर. मारुती कांबळे या माणसाचे पुढे काय झाले, एवढा एकच प्रश्न तो धरून बसतो.

मारामारी नाही, पाठलाग नाही, नायिकेचे अपहरण नाही. दोन माणसे बोलत बसतात आणि एक प्रश्न परत परत येतो. एवढ्या ऐवजावर चित्रपट उभा राहील असे तेव्हाच्या वितरकांच्या कोणत्याही हिशेबात बसणारे नव्हते. उसाच्या पट्ट्यातल्या प्रेक्षकाला तर वेगळेच नवल होते. जे ओट्यावर आवाज खाली करून बोलायचे, ते पडद्यावर खड्या आवाजात बोलले जात होते.

तेंडुलकर आणि पटेल या जोडीने त्याआधी नाटकात असाच उद्योग केला होता. ‘घाशीराम कोतवाल’ 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात आले तेव्हा पेशवाईवरचे नाटक म्हणून लोक गेले. रेशमी पडदे, भारदस्त संवाद आणि शेवटी देशासाठी बलिदान, असा ऐतिहासिक नाटकाचा शिरस्ता होता. रंगमंचावर उभी राहिली ती माणसांची भिंत. धोतर-उपरण्यातली माणसे खांद्याला खांदा लावून झुलायची, भिंत क्षणात उघडायची, क्षणात मिटायची, आणि मिटली की मागचा अनाचार झाकला जायचा. भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्ययोजना आणि कीर्तनापासून खेळ्यांपर्यंतचे लोकप्रकार त्यात मिसळले होते. सगळ्यांनाच हा अपेक्षाभंग सुखद वाटला नाही. 19 प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबवले, मग कलावंतांनी थिएटर अकॅडमी काढून ते पुन्हा उभे केले, आणि 1980 साली ते युरोपात गेले. एकाच खेळाने शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाला हरखवावे आणि दुसऱ्याला संतापवावे, हेही या विषयात धरूनच चालावे लागते.

नाटकाचे नावच सापळ्यासारखे वापरण्याचे उदाहरण म्हणजे ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ (2012). कल्पना आणि शाहिरी संभाजी भगत यांची, लेखन राजकुमार तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे, आणि काम करणारे बरेचसे जालना जिल्ह्यातले शेतकरी. नाव वाचून कुणी भांडायच्या तयारीने यावे, तर समोर यम शिवरायांचा जिरेटोप घेऊन हिंडत असतो. महाराज गेले, पण विचार मागे ठेवून गेले, तेव्हा हा टोप ज्याच्या डोक्यावर नीट बसेल असे डोके शोधायचे आहे. हसता हसता प्रेक्षकाचा हात नकळत स्वतःच्या डोक्याकडे जातो. त्याच वर्षी अतुल पेठे यांनी गो. पु. देशपांडे यांचे जोतीराव फुल्यांवरचे ‘सत्यशोधक’ पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन बसवले. कामगारांचे नाटक म्हटल्यावर कौतुकाची थाप द्यायच्या बेताने आलेल्या प्रेक्षकाला पहिल्या काही मिनिटांत तो बेत गुंडाळून ठेवावा लागला. जोतीराव फुल्यांची भाषा त्या तोंडांत जितकी सहज बसली, तितकी सराईत नटांच्या तोंडात बसली असती का, ही शंका रास्त आहे.

2004 नंतरचा मराठी सिनेमा या दृष्टीने वेगळा काढावा लागतो. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ त्या वर्षी प्रदर्शित झाला. ‘श्यामची आई’ला पहिले सुवर्णपदक मिळाले होते, त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मराठीकडे येण्यासाठी अर्धे शतक लोटले. डोळ्याच्या कर्करोगाने दृष्टी जाणार असलेला मुलगा आणि त्याचे आजोबा, हा विषय ऐकून लोकांनी रुमाल सोबत ठेवले होते. चित्रपटाने रडवण्याची घाई केली नाही. शस्त्रक्रियेआधी आजोबा नातवाला इस्पितळातून गुपचूप बाहेर काढतात आणि डोळे भरून जग दाखवतात. ऑस्करला पाठवण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा साध्या माणसांनी वर्गणी काढली.

त्यानंतर कॅमेरा घाटावरच्या खेड्यांकडे वळला आणि तिथलीच माणसे तो हाती घेऊन उभी राहिली. जुन्नर भागातून आलेल्या मंगेश हाडवळे यांच्या ‘टिंग्या’त (2008) शेतकऱ्याच्या पोराचा जीव जायबंदी बैलात अडकलेला आहे. भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून ‘ख्वाडा’ केला, 2015 साली तो चित्रपटगृहांत आला. मेंढरे घेऊन भटकणाऱ्या धनगर कुटुंबाची ती गोष्ट. काटेवाडीच्या रिंगणात मेंढ्या पाहून हात जोडणारा प्रेक्षक त्याच मेंढ्यांमागे चालणाऱ्या माणसांच्या घरात, म्हणजे उघड्या माळावर, पहिल्यांदा शिरला.

नागराज मंजुळे यांचे जेऊर करमाळा तालुक्यात आहे. इंदापूरच्या बाजूने पाहिले तर उजनीच्या फुगवट्यापलीकडचा हा मुलूख. त्यांचा ‘फँड्री’ फेब्रुवारी 2014 मध्ये प्रदर्शित झाला. शाळकरी जब्याचे वर्गातल्या मुलीवरचे मुके प्रेम पाहत प्रेक्षक निवांत बसलेला असतो. गावातली डुकरे पकडायचे काम मात्र जब्याच्या घरावर पडते, आणि तो डुकरामागे धावत असताना अख्खे गाव हसत उभे राहते. शाळेत राष्ट्रगीत सुरू होते तशी डुकरामागची माणसेही जागच्या जागी ताठ उभी राहतात. प्रेक्षागृहात इथे हसू फुटते आणि अर्ध्यावर अडकते. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने. म्हणजे अंधारात बसून इतका वेळ मजा पाहणाऱ्याच्या दिशेने.

‘सैराट’ (29 एप्रिल 2016) हा याच लेखक-दिग्दर्शकाचा पुढचा चित्रपट. 100 कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला, त्यामुळे त्याच्या यशाबद्दलच फार लिहिले गेले आणि बांधणीबद्दल कमी. पूर्वार्धात हिंदी प्रेमपटाचे सगळे ऐवज आहेत. विहीर, केळीच्या बागा, बुलेट चालवणारी नायिका, आणि अजय-अतुलचे संगीत वाजवायला लॉस एंजेलिसचा सिम्फनी वाद्यवृंद. नायिका मात्र पालखीच्याच वाटेवरच्या अकलूजची शाळकरी मुलगी रिंकू राजगुरू, जी कुणाच्याही मागे लाजत उभी राहत नाही. उत्तरार्ध हैदराबादच्या झोपडपट्टीत जातो, गाणी थांबतात, संसाराची कुरकुर सुरू होते. नाचायला आलेला प्रेक्षक चुळबुळतो. शेवटी संगीतच नाहीसे होते आणि रक्तात भरलेल्या बाळपावलांचे ठसे उरतात. याला सुखद म्हणावे का, असा आक्षेप येतो. घटना सुखद नाहीच. पण आपल्याला करमणूक हवी होती आणि कुणीतरी आपल्याला त्याहून अधिक लायकीचे समजले, याचे समाधान त्या सुन्नपणाखाली असते. एरवी तेच लोक दुसऱ्यांदा गेले नसते.

या यशानंतर ‘सांगत्ये ऐका’चाच कित्ता गिरवला गेला. गावाकडची पोरगी, वेगळ्या जातीचा पोरगा आणि हिंसक शेवट यांचे चित्रपट रांगेने आले. शेवटी काय होणार हे मध्यंतरातच कळू लागले.

प्रेक्षकाला आधी किती ठाऊक असावे, हेही बदलत गेले आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या जत्रांत फिरत्या टॉकीजचा ट्रक यायचा, माळावर तंबू उभा राहायचा, कर्ण्यावरून दोन-चार वाक्ये ओरडून सांगितली जायची आणि रंगवलेल्या फलकावरून उरलेले ज्याचे त्याने ठरवायचे. तलवार दिसली की पोरे आत. आत गेल्यावर कधी तलवार एकाच प्रसंगात असायची, कधी रीळ तुटून नेमका तोच प्रसंग जायचा. या धंद्याच्या अखेरच्या दिवसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट 2016 साली कान महोत्सवात गौरवला गेला. आता ट्रेलर, परीक्षण आणि शेवट यांतले काहीही फोनवर आधी येऊन पोचलेले असते. धक्क्यावर जगणाऱ्या चित्रपटांचे त्याने नुकसान झाले. बाकीच्यांचे फारसे झालेले दिसत नाही.

‘सैराट’ दुसऱ्यांदा पाहणाऱ्याचे लक्ष शेवटच्या पावलांकडे नसते, ती त्याला ठाऊक असतात. त्याला त्याच्या आधीचे दिसू लागते. दारात रांगोळी काढत बसलेली नायिका आर्ची, माहेरहून भेटवस्तूंच्या पिशव्या घेऊन आलेली माणसे, आणि त्यांच्यासाठी तिने गॅसवर ठेवलेला चहा.